मुल्लानपूरचं मैदान आणि आपला संघ

चंदीगड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभं केलेलं रॉक गार्डन आणि सुखना तलावाकाठची संध्याकाळ. सिमल्याला किंवा कुलू-मनालीला निघालेली मराठी मंडळी इथे एक मुक्काम करतात, हे सगळं एका दिवसात उरकतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगराच्या वाटेला लागतात. मीही याआधी दोनदा तसंच केलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरात मात्र मी आणि माझी नऊ वर्षांची लेक चंदीगडला गेलो ते डोंगर बघायला नव्हे, तर क्रिकेटचा सामना बघायला.

सामना होता मुल्लानपूरला. हे नाव नकाशात शोधायला जाल तर आधी फसगतच व्हायची, कारण पंजाबात मुल्लानपूर दोन आहेत. एक लुधियान्याजवळचं मुल्लानपूर दाखा आणि दुसरं चंदीगडला लागून, शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी असलेलं मुल्लानपूर गरीबदास. आपलं मुल्लानपूर हे दुसरं. चंदीगडला चिकटलेलं असलं तरी ते पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येतं. या परिसराला आता 'न्यू चंदीगड' असं ऐटबाज नाव मिळालं आहे. पण आमच्या टॅक्सीवाल्याच्या तोंडी मात्र 'मुल्लानपूर'च होतं.

उतरलो होतो मोहालीला, माझ्या मावशीकडे. काका बँकेत होते. १९९२ मध्ये त्यांची पुण्याहून इकडे बदली झाली. दोन-तीन वर्षं काढायची आणि परत जायचं, असा बेत होता. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. काका निवृत्त झाले, मुलगा शिकागोला गेला, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतात आणि मावशी दर गुढीपाडव्याला म्हणते, "पुढचा पाडवा पुण्यात!" काका मान डोलावतात आणि श्रीखंडाची वाटी पुढे करतात.

सकाळी न्याहारीला मुळ्याचे पराठे होते. त्यावर लोण्याचा गोळा ठेवता ठेवता माझ्या लेकीने विचारलं, "आजोबा, तुमचा संघ कोणता?"

ती मुंबईची. मुंबई इंडियन्सचा निळा शर्ट तिने बॅगेत मुद्दाम आणला होता.

काका म्हणाले, "माझा संघ हरणारा."

"म्हणजे?"

"म्हणजे पंजाब. मैदानावर जाताना सांगतो. गोष्ट लांब आहे."

घराजवळचं मैदान

मावशीचं घर मोहालीच्या फेज नऊमध्ये आहे. तिथून पंजाब क्रिकेट असोसिएशनचं जुनं स्टेडियम चालत दहा मिनिटांवर. हे स्टेडियम १९९३ मध्ये सुरू झालं. त्या नोव्हेंबरात हीरो कप स्पर्धेतला भारत-दक्षिण आफ्रिका सामना तिथे झाला, तेव्हा काका आणि मावशी घरून डबा घेऊन गेले होते. त्यापूर्वी या भागातलं मोठं क्रिकेट चंदीगडच्या सेक्टर सोळामध्ये व्हायचं. कपिल देव त्याच मैदानावर घडला.

"पण माझी खरी परीक्षा त्याआधीच झाली होती," काका सांगू लागले. त्या १९९२-९३ च्या मोसमात रणजी करंडकाचा अंतिम सामना लुधियान्यात झाला. एका बाजूला पंजाब, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र! काका नुकतेच पुण्याहून आलेले. बँकेत सगळे सरदारजी आणि त्यांत हे एकटे मराठी. पंजाब जिंकला आणि त्याने रणजी करंडक पहिल्यांदाच मिळवला. दुसऱ्या दिवशी बँकेत बर्फीचा पुडा फिरला. तो पहिल्यांदा काकांच्याच टेबलावर आला.

"खाल्ली का?" लेकीने विचारलं.

"खाल्ली. गोड होती, पण घशाखाली उतरेना."

त्यानंतर मात्र मैदानाने त्यांना आपलंसं केलं. १९९६ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजचा उपांत्य सामना मोहालीला झाला. वेस्ट इंडीज २ बाद १६५ वर होतं, जिंकायला हव्या होत्या २०८. लोक उठून निघाले होते. तिथून तो संघ २०२ धावांत गडगडला. १७ ऑक्टोबर २००८ रोजी सचिन तेंडुलकरने ब्रायन लाराचा ११,९५३ कसोटी धावांचा विक्रम याच मैदानावर मागे टाकला. फटाक्यांचा आवाज घरापर्यंत आला, असं मावशी सांगते. ३० मार्च २०११ रोजी भारत-पाकिस्तान उपांत्य सामना झाला, तेव्हा दोन्ही देशांचे पंतप्रधान मोहालीत हजर होते. त्या दिवशीही सचिनने ८५ धावा केल्या.

"मोठी माणसं आमच्या गल्लीशेजारी येऊन खेळून जायची," काका म्हणाले. "मग गल्ली आपली वाटणार नाही तर काय!"

बारा गावचं पाणी

२००८ मध्ये आयपीएल आली आणि मोहालीला स्वतःचा संघ मिळाला. तेव्हा त्याचं नाव होतं किंग्ज इलेव्हन पंजाब, २०२१ पासून ते पंजाब किंग्ज झालं. या संघाविषयी काकांची मतं पक्की आहेत आणि ती ते मागितल्याशिवायही देतात.

पहिलं मत असं की या संघाला हातातोंडाशी आलेला घास सोडायची सवय आहे. २०१४ च्या अंतिम सामन्यात वृद्धिमान साहाने नाबाद ११५ धावा केल्या, पंजाबने १९९ ची मजल मारली आणि तरीही कोलकात्याने तीन चेंडू राखून बाजी मारली. दुसरं मत, हा संघ कप्तान बदलतो तसं कोणी सदरेही बदलत नाही. डझनाहून जास्त कप्तान झाले! आणि तिसरं मत, ज्याला घर नाही त्याला घरचा पाठिंबा कुठून मिळणार? संघाचे 'घरचे' सामने कधी मोहालीत, कधी धरमशालेत, कधी इंदूरला झाले. २०१५ मध्ये तर काही घरचे सामने पुण्यात खेळले गेले.

यावर मावशी म्हणाली, "बघ, तुमचा संघसुद्धा पुण्याला जाऊन आला. आपणच तेवढे राहिलो."

गंमत म्हणजे संघातली माणसंही कुठली कुठली. मोहालीत वाढलेला शुभमन गिल २०२५ मध्ये गुजरातचा कप्तान होता. अमृतसरच्या अभिषेक शर्माने त्या एप्रिलमध्ये हैदराबादकडून खेळताना पंजाबच्याच गोलंदाजांना धुऊन १४१ धावा काढल्या. आणि पंजाबचा कप्तान कोण, तर आपल्या मुंबईचा श्रेयस अय्यर! मुल्लानपूरपासून जवळच्या खरड गावात वाढलेला अर्शदीप सिंग तेवढा घरचा म्हणावा, तर त्याचा जन्म मध्य प्रदेशातल्या गुना शहरातला.

मग 'आपला संघ' म्हणजे नेमकं काय? लिलावात बोली लावून गोळा केलेली माणसं आपली कशी होतात?

शिकागोची भिंत

याचं उत्तर काकांना त्यांच्या मुलाकडून मिळालं, असं ते म्हणतात. अमेरिकेत ही पद्धत फार जुनी आहे. तिथे शहरागणिक बेसबॉलचा, बास्केटबॉलचा संघ असतो, खेळाडू विकत घेतले जातात, आणि तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या संघावर जीव टाकतात. शिकागोत बास्केटबॉलचा बुल्स हा संघ आहे. नव्वदच्या दशकात मायकल जॉर्डनच्या जोरावर तो सहा वेळा अजिंक्य ठरला. त्याच शहरात बेसबॉलचा कब्ज संघ आहे. त्याने १९०८ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि नंतर मिळवलं ते थेट २०१६ मध्ये! मधली १०८ वर्षं लोक दर मोसमात मैदानावर जातच राहिले. २०१६ मध्ये संघ जिंकायच्या सुमारास त्यांनी मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या आईवडिलांची, आजोबांची नावं लिहिली. ज्यांनी वाट पाहिली आणि ज्यांना हा दिवस दिसला नाही, त्यांची नावं. काकांचा मुलगा तेव्हा तिथे होता. त्याने त्या भिंतीचे फोटो पाठवले.

"मुलगा म्हणतो, बुल्सच्या गोष्टी लोक अभिमानाने सांगतात, पण कब्जच्या गोष्टी सांगताना त्यांचा गळा भरून येतो," काका म्हणाले.

संघ दुरावतो तेव्हा काय होतं, याचीही उदाहरणं तिकडे आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला डॉजर्स हा बेसबॉल संघ १९५७ च्या मोसमानंतर उचलून पार लॉस एंजेलिसला नेला गेला. हजारो मैलांवर! त्या मानाने आमच्या काकांचं दुःख लहान. त्यांचा संघ मोहालीहून मुल्लानपूरला गेला, वीसेक किलोमीटरवर. पण दहा मिनिटं चालत जाणाऱ्या माणसाला वीस किलोमीटरही परदेशच.

शिवालिकच्या पायथ्याशी

बोलता बोलता आमची गाडी चंदीगड ओलांडून गेली होती. मध्य मार्गाने पीजीआय रुग्णालय आणि पंजाब विद्यापीठ मागे टाकलं, धनास लागलं आणि नंतर शहराची शिस्त सैल होत गेली. एका बाजूला उंच इमारतींचे सांगाडे, दुसऱ्या बाजूला भाताची हिरवी शेतं, बांधावर पॉप्लरची सरळसोट झाडं. समोर निळसर शिवालिक. रस्त्याकडेला ट्रॅक्टर दुरुस्तीची दुकानं, उसाच्या रसाचे गाडे आणि त्यांच्याच शेजारी आलिशान घरांच्या जाहिरातींचे फलक. गाव आणि शहर यांची अशी सरमिसळ आपल्या पनवेल-उरणकडे किंवा पुण्याच्या हिंजवडीकडे पाहिलेल्यांना नवी वाटणार नाही.

इथे मराठी वाचकाला ओळखीचं आणखी एक नाव भेटतं. परळच्या टाटा मेमोरियलने उभारलेलं होमी भाभा कर्करोग रुग्णालय मुल्लानपुरातच आहे. त्याचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. पूर्वी उपचारासाठी पंजाबातून मुंबई गाठणाऱ्या कित्येक कुटुंबांचा तो लांबचा प्रवास त्यामुळे टळला आहे.

आणि मग दिसलं ते स्टेडियम. साधारण अडतीस हजार प्रेक्षकांचं, मोकळ्या माळावर एकदम उभं राहिलेलं. त्याला नाव दिलंय पतियाळाचे महाराजा यादविंद्र सिंग यांचं. ते १९३४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध एकमेव कसोटी खेळले आणि दुसऱ्या डावात त्यांनी ६० धावा काढल्या. त्यांचे वडील भूपिंदर सिंग म्हणजे रणजी करंडक देणारे महाराज. १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे ते कप्तान होते. म्हणजे मैदान नवं असलं तरी नाव जुन्या क्रिकेटमधलं आहे.

आयपीएलचा पहिला सामना इथे २३ मार्च २०२४ रोजी झाला. मोटार अपघातातून बरा झालेला ऋषभ पंत त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरला. पंजाबने दिल्लीला हरवलं. काका म्हणाले, "वाटलं, वास्तू लाभली!" पण त्या मोसमातले इथले पुढचे चारही सामने पंजाबने गमावले. हैदराबादविरुद्ध दोन धावांनी, मुंबईविरुद्ध नऊ धावांनी.

"तरी तुम्ही येत राहिलात?" मी विचारलं.

"हरला म्हणून कुणी घरी जायचं थांबतं का?"

२०२५ मध्ये त्यांना त्याचं फळ मिळालं. ८ एप्रिलला प्रियांश आर्य या नवख्या मुलाने चेन्नईविरुद्ध ३९ चेंडूंत शतक ठोकलं. १५ एप्रिलला पंजाबचा डाव १११ धावांत आटोपला. काकांच्या शेजारची मंडळी उठून निघाली. मावशीही म्हणाली, चला, लवकर घरी पोहोचू. काका बसून राहिले. चहल आणि यान्सन यांनी कोलकात्याला ९५ धावांत गुंडाळलं! आयपीएलच्या इतिहासात इतक्या कमी धावा करून कुणी सामना जिंकला नव्हता. "त्या दिवसापासून," काका म्हणाले, "तुझी मावशी शेवटचा चेंडू पडल्याशिवाय उठत नाही."

पुढे २९ मे रोजी याच मैदानावर पंजाब १०१ धावांत कोसळला आणि बंगळूरने दहा षटकांत खेळ संपवला. १ जूनला अहमदाबादेत श्रेयस अय्यरने ४१ चेंडूंत नाबाद ८७ धावा काढून मुंबईलाच बाहेर काढलं. आमच्या घरी त्या रात्री माझी लेक न जेवता झोपली होती. आणि ३ जूनच्या अंतिम सामन्यात पंजाब सहा धावांनी हरला. २०२५ पर्यंतच्या अठरा मोसमांत करंडक एकदाही नाही.

सांगलीची मुलगी, मोग्याची मुलगी

आम्ही आलो होतो ते १७ सप्टेंबरच्या सामन्याला. भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, महिलांचा एकदिवसीय सामना. तीनच दिवसांपूर्वी याच दोन संघांनी या मैदानावरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता आणि ऑस्ट्रेलियाने तो आठ गडी राखून सहज जिंकला होता. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात पंजाबने मोठा पूर सोसला होता. आमच्या पुढच्या रांगेत बसलेलं कुटुंब फिरोजपूरकडचं होतं. शेतात अजून चिखल आहे, पण पोरींनी हट्ट धरला म्हणून आलो, असं त्यातल्या बीजी म्हणाल्या. दोन नाती त्यांच्या मांडीशी खेटून बसल्या होत्या. दोघींच्या तोंडी एकच नाव होतं, हरमन! कप्तान हरमनप्रीत कौर मोग्याची. २०१७ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १७१ धावा केल्या, तेव्हापासून पंजाबातल्या घराघरात ती लेकीसारखी झाली आहे.

हरमनप्रीत त्या दिवशी फार टिकली नाही. दिवस होता स्मृती मानधनाचा. सांगलीत वाढलेली ही डावखुरी मुलगी अशी काही खेळली की चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून पाण्यासारखा वाट काढत होता. ७७ चेंडूंत शतक, ९१ चेंडूंत ११७ धावा. माझी लेक खुर्चीवर उभी राहून "स्मृतीताई! स्मृतीताई!" ओरडत होती. पुढच्या रांगेतल्या त्या दोन मुलींनी वळून पाहिलं आणि थोड्याच वेळात त्याही तालात ओरडू लागल्या, "स्मृतीताई!" 'ताई'चा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

"सांगली कित्थे है?" बीजींनी मला विचारलं. मी सांगितलं, पुण्याच्याही पुढे, कृष्णेकाठी, हळदीचं आणि द्राक्षांचं गाव. तिकडेही असाच पूर येतो. त्यांनी डब्यातून पिन्नी काढून माझ्या हातावर ठेवली. काकांकडे बघून मला हसू आलं. पंजाबातला गोड घास या वेळी घशाखाली सहज उतरला.

भारताने २९२ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाचा डाव १९० धावांत संपवला. क्रांती गौडने तीन बळी घेतले. १०२ धावांनी विजय! महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत धावांच्या फरकाने ऑस्ट्रेलियाचा हा सर्वांत मोठा पराभव. मैदानातले दिवे, मागे काळोखात बुडालेला डोंगर आणि ओरडून बसलेले आमचे आवाज. बाहेर पडल्यावर गाडीपर्यंत बरंच चालावं लागलं, पण लेक एकदाही दमले म्हणाली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. दीड महिन्याने, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला. मोग्याच्या मुलीने तो आमच्या घराजवळ उचलला. डिसेंबरात मुल्लानपूरच्या स्टेडियममधल्या एका स्टँडला तिचं आणि एकाला युवराज सिंगचं नाव देण्यात आलं.

परतीच्या वाटेवर लेकीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. "आजोबा, मुंबई आणि पंजाबचा सामना असला की तुम्ही खरंच पंजाबच्या बाजूने असता?"

"असतो."

"पण तुम्ही तर मराठी!"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळा, महाराष्ट्र माझं माहेर आणि पंजाब सासर. माहेरची ओढ जात नाही. पण तीस वर्षं ज्यांच्याबरोबर हरलो, ते परके कसे म्हणू?"

पुढच्या सीटवरून मावशी काही बोलली नाही. घरी पोहोचल्यावर मात्र तिने कॅलेंडर काढलं. मला वाटलं, पाडवा कधी आहे ते बघतेय. ती विचारत होती, आयपीएल साधारण कधी सुरू होते?

जाणार असाल तर

मुंबई आणि पुण्याहून चंदीगडला विमानं आहेत. दिल्लीहून शताब्दी गाडीने साधारण साडेतीन तास लागतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुकं दाट असतं, तेव्हा प्रवासाला हाताशी जादा वेळ ठेवा. टॅक्सीवाल्याला 'मुल्लानपूर, न्यू चंदीगड' असं स्पष्ट सांगा, नाहीतर लुधियान्याच्या वाटेला लागाल. सामना रात्री संपणार असेल तर परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा आणि मुलांसाठी एक स्वेटर बरोबर घ्या. डोंगराकडून वारा येतो. दुसऱ्या दिवशी रॉक गार्डन आणि सुखना तलाव आहेतच. पण वेळ असेल तर मोहालीच्या जुन्या मैदानावरूनही एक चक्कर मारा. आमच्या काकांसारखं कुणी संध्याकाळी तिथे फिरत असेल, तर त्यांना फक्त एवढंच विचारा, तुमचा संघ कोणता? आणि मग निवांत बसा. गोष्ट लांब आहे.